बुडेल की तरंगेल?

जालन्याकडून देऊळगाव राजा तालुक्यात शिरलं की शेतांमध्ये जाळीचे मांडव दिसू लागतात. ही शेडनेट. आत मिरची, टोमॅटो, ढोबळी मिरची अशा पिकांचं संकरित बियाणं तयार होतं. शेतकरी त्याला साधं 'सीड प्लॉट' म्हणतात. सकाळच्या वेळी बायका ओळीनं उभ्या राहून न उमललेल्या कळ्या उघडतात, चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या वाणाच्या झाडावरचे पराग कुक्षीला लावतात. या कामाचं गावातलं नाव 'क्रॉसिंग'. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढं त्या शहराच्या आसपास बियाण्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. बुलडाणा जिल्ह्याच्या या टोकापर्यंत तो पोचला आहे.

आई हे नाजूक काम करत असते तेव्हा तिचं चार वर्षांचं मूल अंगणवाडीत किंवा एखाद्या नर्सरीत बसलेलं असतं. तिथं बऱ्याचदा त्याच्यापुढं पाटी असते. अक्षरं गिरवायची, एक ते शंभर म्हणायचं, फळांची इंग्रजी नावं पाठ करायची. आईच्या बोटांना जे झाड उलगडून माहीत आहे, ते मुलाला तक्त्यावरच्या चित्रातून 'ट्री' म्हणून भेटतं.

शाळापूर्व वयात विज्ञान शिकवावं का, हा प्रश्न आता फारसा कुणी विचारत नाही. धोरणं हो म्हणतात, पालक हो म्हणतात, आणि दुकानांतली प्रयोगपेटी तर ओरडून हो म्हणते. खरी अडचण पुढची आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी कोणती कृती विज्ञानाची आणि कोणती नुसती जादूच्या खेळाची, हे ठरवायचं कसं? शंभर वर्षांत या प्रश्नाला बरीच उत्तरं मिळाली आहेत. त्यांतली काही महाराष्ट्रातच सापडली.

टेकडीवरचा धडा

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) लग्नानंतर काही काळ वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. पुढं त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. तिथं माँटेसरी पद्धतीचं काम चाललं होतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं होतं. बाकीचे शिक्षक मुलाच्या कानावर विसंबून होते, त्या काळात माँटेसरीबाईंनी त्याच्या हातावर विश्वास टाकला. वजनाच्या चकत्या, खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्या, आवाजाच्या डब्या, चढत्या क्रमाचे ठोकळे अशी साधनं त्यांनी तयार केली. मूल ती हाताळतं, तुलना करतं आणि चूकही स्वतःच ओळखतं, कारण चुकीचा ठोकळा खाचेत बसत नाही.

ही साधनं सुबक होती आणि महागही. १९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा ती परवडणारी नव्हती. शिवाय वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येतच नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द मराठीला मिळाला. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत रुजलं. शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या हीच तिथली साधनं झाली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली गेली, तिला 'कुरणशाळा' म्हणत.

या बदलाकडं पैशाची काटकसर म्हणून पाहिलं जातं, पण त्यात त्याहून मोठी गोष्ट घडली. माँटेसरी साधनात एक गुण वेगळा काढलेला असतो. रंग तेवढा बदलतो, बाकी सगळं सारखं. शिंपल्यात मात्र रंग, वजन, आकार, धार, वास सगळं एकत्र असतं. त्यामुळं शिंपल्यांची वर्गवारी करायची तर कशावरून करायची, हे मुलालाच ठरवावं लागतं. निसर्गशास्त्रज्ञाचं काम याहून फार वेगळं नसतं.

अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या ग्राममंगलनं हा धागा पुढं नेला. पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था अंगणवाड्यांसोबत 'पालवी' हा बालशिक्षणाचा उपक्रम चालवते. शालेय वयासाठी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत मिळतात. मात्र यातली बरीच खेळणी बनवायला कात्री, सुई, कंपास लागते. चार वर्षांच्या मुलासाठी ती मोठ्या भावंडानं करून द्यावीत आणि धाकट्यानं ती खेळून मोडावीत, हे बरं.

चार कसोट्या

मुलं विचार कसा करतात याचा सविस्तर नकाशा स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी काढला. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग कुणालाही घरी करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि त्यांतल्या एका पेल्यातलं मुलासमोर उंच, अरुंद ग्लासात ओतायचं. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं सांगतात की उंच ग्लासात पाणी जास्त झालं. पियाजेंच्या मते ही चूक नव्हती, ती त्या वयाच्या विचाराची रीत होती. समजावून सांगून ती जात नाही. पाणी स्वतः पुन्हा पुन्हा ओतून, परत ओतून, कालांतरानं ती आपोआप मागं पडते.

साधारण त्याच काळात केंब्रिजमध्ये सुझन आयझॅक्स माल्टिंग हाउस ही शाळा चालवत होत्या. १९२४ ते १९२७ या वर्षांत मुलं काय बोलली, काय केलं याच्या तपशीलवार नोंदी त्यांनी ठेवल्या. शाळेतला ससा मेला तेव्हा मुलांनी त्याला पुरलं, आणि नंतर तो तिथंच आहे की वर आकाशात गेला हे पाहण्यासाठी खड्डा पुन्हा उकरला. मोठ्या माणसाला यात अमंगळ दिसेल. आयझॅक्सबाईंना त्यात एक गृहीतक आणि त्याची पडताळणी दिसली.

बालवर्गात काम करणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारी चाळणी १९७८ साली आली. कॉन्स्टन्स कामी आणि ऱ्हेटा डीव्हरीज या पियाजेंच्या परंपरेतल्या दोन अभ्यासकांनी भौतिक ज्ञानाच्या कृतींसाठी चार कसोट्या मांडल्या. मुलाला ती घटना स्वतःच्या कृतीनं घडवता आली पाहिजे. आपली कृती बदलून पाहता आली पाहिजे. झालेला परिणाम दिसला पाहिजे. आणि तो लगेच दिसला पाहिजे.

या कसोट्या लावल्या की समाजमाध्यमांवरचे निम्मे प्रयोग गळून पडतात. स्नेहसंमेलनातला 'ज्वालामुखी' घ्या. मातीच्या डोंगरात सोडा आणि व्हिनेगर ताईच ओततात, लाल फेस येतो, टाळ्या पडतात. मुलाच्या हाताला काहीच काम नाही, आणि बदलण्याजोगंही काही नाही. उलट घसरत्या फळीवरून बांगडी, मक्याचं कणीस, औषधाच्या बाटलीचं झाकण आणि चौकोनी खोडरबर सोडणं दिसायला अगदी किरकोळ, पण चारही कसोट्यांना उतरतं. फळी उंच केली, आडवी केली, बांगडी उभी ठेवली, झोपवली. प्रत्येक वेळी उत्तर तिथल्या तिथं.

नंतरच्या संशोधनानं पियाजेंच्या चित्रात दुरुस्ती केली. अ‍ॅलिसन गॉपनिक आणि डेव्हिड सोबेल यांनी २००० साली एक यंत्र वापरून प्रयोग केले. ठरावीक ठोकळे ठेवले की ते यंत्र उजळून वाजायचं. कोणते ठोकळे 'चालतात' हे तीन-चार वर्षांची मुलं त्यांच्या रूपाला न भुलता परिणामावरून ओळखत होती. म्हणजे कार्यकारणाची जाण या वयातही मोठ्यांना वाटते त्याहून बरीच पक्की असते.

शिकवणाऱ्यांना अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०११ मध्ये आला. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी मुलांना अनेक करामती दडलेलं एक खेळणं दिलं. काही मुलांना मोठ्यांनी 'हे बघ, हे असं चालतं' म्हणत एक करामत दाखवली, तर काहींना ती जणू चुकून घडल्यासारखी दिसली. शिकवलेली मुलं दाखवलेल्या करामतीवरच घुटमळली. न शिकवलेल्या मुलांनी खेळणं जास्त वेळ उलटंपालटं केलं आणि लपलेल्या जास्त गोष्टी शोधल्या. यावरून शिकवूच नये असं कुणी म्हणत नाही. पण मोठ्या माणसानं 'हे असं असतं' म्हटलं की मूल समजतं की आता शोधायला काही उरलं नाही.

घरात, अंगणात, शिवारात

आता या कसोट्या घेऊन देऊळगाव राजाच्या परिसरात फिरावं. विकत आणायच्या पेटीची गरज फार थोड्या ठिकाणी लागते.

सुपापासून सुरुवात करता येईल. तूर किंवा मूग पाखडताना आई जे करते त्यात जड-हलक्याचा आणि वाऱ्याचा अख्खा पाठ आहे. लहान सूप, मूठभर भुसकट मिसळलेले दाणे आणि अंगणाचा कोपरा दिला की मूल स्वतःच शोधतं की हळू हलवलं तर काही होत नाही आणि जोरात उडवलं तर दाणेही जातात. चाळणीचं तसंच. रवा, ज्वारी आणि शेंगदाणे एकत्र करून दोन वेगवेगळ्या चाळण्या दिल्या की आधी कोणती वापरायची हा प्रश्न मुलाच्या हातातच उभा राहतो. मापटं, वाटी, पळी घेऊन वाळू किंवा पाणी मोजणं ही पियाजेंच्या ग्लासाचीच घरगुती आवृत्ती. किती वाट्यांनी मापटं भरतं हे आधी विचारावं, मग भरू द्यावं. उत्तर चुकलं तरी कुणी 'चूक' म्हणायची गरज नसते. मापटं सांगतं.

हा कापसाचा मुलूख आहे, त्यामुळं इथं एक प्रयोग असा करता येतो जो शहरातल्या बालवाडीला सहज जमणार नाही. शेतातून वेचलेला कापूस, सरकी काढलेला, आणि औषधाच्या दुकानातला कापूस, दोन्हींचे सारखे बोळे पाण्यावर सोडायचे. दुकानातला बोळा काही क्षणांत पाणी पिऊन खाली जातो, शेतातला वर तरंगत राहतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो आणि दवाखान्यासाठी कापूस धुताना तो काढून टाकलेला असतो. चार वर्षांच्या मुलाला मेणाची गोष्ट सांगायची गरज नाही. एक बोळा बोटानं दाबून, चोळून, साबणाच्या पाण्यात टाकून पाहू द्यावा. घरचा कापूस 'हट्टी' आहे, असं काहीतरी ते आपल्या शब्दांत सांगतं आणि या वयात तेवढं वर्णन पुरेसं आहे.

लोहचुंबक घेऊन नदीकाठी जाता येतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला मोठा चुंबक कापडात बांधून खडकपूर्णेच्या वाळूत फिरवला की कापडाला काळे कण चिकटतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, झिजून ते वाळूत येतं. लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर याच जिल्ह्यात आणि याच पाषाणात पडलं आहे. मात्र उल्कापाताची गोष्ट सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावी. लहानग्याला एवढं पुरे की सगळी वाळू चिकटत नाही, काळीच चिकटते.

मातीचंही तसंच. काळी माती, मुरूम आणि वाळू यांचे तीन ढीग, एक तांब्या पाणी. कशाचा लाडू वळतो, कशाचा फुटतो, कशातून पाणी पटकन निघून जातं? पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या घरात याचं उत्तर आजीला कधीचंच ठाऊक असतं. तिलाच त्या दिवशी अंगणवाडीत बोलवावं. बाहेरून पाहुणा आणण्याचा खर्चही वाचतो.

सावलीला तर साहित्यच लागत नाही. सकाळी मुलाला उभं करून खडूनं सावलीची कड काढायची, जेवणाआधी त्याच पावलांवर पुन्हा उभं करायचं. सावली हलली कशी, आखूड झाली कशी, यावर मुलं जी कारणं देतात ती लिहून ठेवण्यासारखी असतात. देऊळगाव राजा साधारण २० उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्या दिवसांतल्या उन्हात लहान मुलांना अंगणात उभं करू नये. दारात काठी रोवून ओसरीतून पाहावं.

ज्याला वाट पाहावी लागते

बी रुजवणं ही बालवाडीतली सर्वांत लाडकी कृती, पण ती कामी-डीव्हरीजच्या चौथ्या कसोटीत बसत नाही. परिणाम लगेच दिसत नाही. म्हणून ती टाकायची नाही, तर वेगळी हाताळायची. त्या अभ्यासकांनीही वस्तूंच्या हालचालीच्या कृती आणि वस्तूंमध्ये बदल होण्याच्या कृती असा भेद केलाच होता. दुसऱ्या प्रकारात मुलाच्या हातापेक्षा वस्तूचा गुणधर्म जास्त काम करतो. तिथं मुलाचं काम पाहणं, आठवणं आणि कालच्याशी तुलना करणं हे असतं.

म्हणून वेग महत्त्वाचा. ओल्या फडक्यातले मूग एक-दोन दिवसांत मोड आणतात, चार वर्षांचं मूल तेवढं थांबू शकतं. एक पुरचुंडी ओली, एक कोरडी, एक पाण्यात पूर्ण बुडवलेली, अशा तीन ठेवल्या तर बदलून पाहण्याची कसोटीही पुरी होते. रोज चित्र काढायचं, मग ती नुसती रेघ का असेना. शेडनेटमध्ये जाणारी आई संध्याकाळी मिरचीचं एक फूल घेऊन आली आणि 'यातलं हे काढतो, हे लावतो' असं बोटानं दाखवलं, तर मुलाला फूल आणि फळ यांचा संबंध पुस्तकाआधी दिसेल.

स्वयंपाकघरातले बदल दोन्ही प्रकारांच्या मधे बसतात. ज्वारीच्या लाह्या फुटताना पाहणं, विरजण लावलेलं दूध सकाळी बोटानं चाखणं, भाकरीच्या पिठात पाणी किती घालावं हे हातानं ठरवणं. आणि हळद. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हळदीला चुना लावतात, त्यामागचं रसायन हेच. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे, साबणाचं पाणी आणि लिंबाची फोड दिली की मूल लाल करतं, पुन्हा पिवळं करतं, पुन्हा लाल. ज्वालामुखीत जे नव्हतं ते इथं आहे. सोड्याचंही असंच करता येतं. डोंगर बाजूला ठेवायचा आणि चिमूटभर खायच्या सोड्यावर एकदा साधं पाणी, एकदा ताक, एकदा लिंबू, एकदा चिंचेचा कोळ मुलाच्या हातातल्या चमच्यानं टाकू द्यायचा. कोण फसफसतं, कोण गप्प बसतं?

जपायच्या गोष्टी

लहान मूल जग तोंडानंही तपासतं, त्यामुळं या विषयावरच्या कोणत्याही आढाव्यात धोक्यांना जागा द्यावीच लागते. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी नाकात किंवा श्वासनलिकेत अडकण्याची भीती पाच वर्षांखालच्या मुलांत सर्वांत जास्त असते. मोजायला चिंचोके द्यायचे तर मोठं माणूस समोर बसलेलं हवं. छोटे ताकदवान चुंबक आणि बटणासारख्या बॅटऱ्या बालवर्गाच्या दाराआत येताच कामा नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती आरपार एकमेकांना ओढतात. भरलेली बादली प्रयोग संपताच रिकामी करायची. चुना मुलांच्या हाती द्यायचा नाही.

बियाण्यांच्या या पट्ट्यात एक सूचना जास्त ठळक लिहायला हवी. पाकिटातलं गुलाबी, लाल किंवा निळं दिसणारं बियाणं बुरशीनाशक चोळलेलं असतं. घरात पेरणीनंतर उरलेली मूठ रुजवण्याच्या खेळासाठी अंगणवाडीत आणणं अगदी सहज घडू शकतं. खेळाला डब्यातले मूग, मटकी, मेथीच वापरावी. कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या होऊन दवाखान्यात पोचतात. लाल-काळी गुंज आणि धोतराही तसेच विषारी. बिया गोळा करण्याच्या फेरीत या तीन झाडांची ओळख आधी करून द्यावी. 'हिला हात लावायचा नाही' हेही निरीक्षणच आहे.

धोरण आणि दालन

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. ताराबाईंचा शब्द तिनं उचलला, पण पोषण, लसीकरण आणि आरोग्य तपासणीच्या रेट्यात शाळापूर्व शिक्षण नेहमीच मागच्या बाकावर बसलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यानं तीन ते सहा वयात मुलांना पाठ्यपुस्तक नको, असं स्पष्ट म्हटलं. पुढच्या फेब्रुवारीत 'जादुई पिटारा' ही खेळसाहित्याची पेटी आली, मे २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी 'पोषण भी, पढाई भी' सुरू झालं आणि २०२४ मध्ये 'आधारशिला' हा अभ्यासक्रम. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना 'आकार' हा अभ्यासक्रम त्याआधीपासून होता.

कागदावर दिशा बरोबर आहे. 'असर' या सर्वेक्षणानं २०१९ मध्ये २४ राज्यांतल्या २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांची मुलं पाहिली. वर्गवारी, चढता क्रम, आकृतिबंध ओळखणं, कोडं जुळवणं अशा कामांत जी मुलं पुढं होती, ती वाचन आणि गणितातही पुढं असल्याचं त्यात दिसलं. लवकर अक्षरं गिरवून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांना दाखवण्यासारखा हा पुरावा आहे.

अंगणवाडीचं दालन मात्र एकच असतं. त्यात तीन वर्षांचं रडणारं मूल आणि सहाव्या वर्षात पोचलेली चुणचुणीत मुलगी शेजारी बसतात. सेविकेच्या हातात मोबाइलवरची पोषणाची नोंद, वजनकाटा, गरोदर बायकांच्या भेटी, आहाराचा हिशेब. मदतनीस चुलीपाशी. अशा वेळी सर्वांना एकाच वेळी एकच प्रयोग ही कल्पना चालत नाही. चालते ती कोपऱ्यांची रीत. एका कोपऱ्यात वाळू आणि मापं, दुसऱ्यात फळी आणि घरंगळणाऱ्या वस्तू, तिसऱ्यात मोडांच्या पुरचुंड्या, आणि आठवडाभर तेच. मोठ्यांना कंटाळा येतो म्हणून रोज नवा प्रयोग शोधला जातो. मुलाला मात्र सोमवारी सुचलेली शंका गुरुवारी तपासायची असते आणि तोवर साहित्य आवरून ठेवलेलं असतं.

जर्मनीत २००६ पासून बालवाड्यांसाठी विज्ञानाचं काम करणाऱ्या एका मोठ्या प्रतिष्ठाननं मुख्य भर शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर ठेवला. त्यामागचं कारण इथंही लागू पडतं. सेविकेला विज्ञानाची उत्तरं शिकवण्यापेक्षा तीन-चार प्रश्न सवयीचे करून देणं सोपं आणि जास्त उपयोगाचं आहे. काय होईल वाटतं? तुला कशावरून वाटलं? आता वेगळं काय करून बघू या? आणि मूल चुकीचं बोललं तर गप्प बसण्याची कला. हा शेवटचा भाग शिकायला सर्वांत अवघड, कारण बरोबर उत्तर सांगणं म्हणजे शिकवणं, अशीच आपली घडण झालेली असते.

एका टबाची गोष्ट

सगळ्या कृतींतून एकच निवडायची झाली तर बुडणं-तरंगणं निवडावं. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागणाऱ्या या भागात ती टंचाईतही करता येते, कारण टबभर पाणी आठवडाभर पुरतं आणि शेवटी झाडाला जातं.

जमिनीवर खडूनं दोन गोल काढायचे, एक 'बुडेल'चा, एक 'तरंगेल'चा. प्रत्येक मुलाला एक खडा. वस्तू पाण्यात टाकण्याआधी प्रत्येकानं आपला खडा आपल्या अंदाजाच्या गोलात ठेवायचा. लिहिता न येणाऱ्या मुलाचंही मत अशानं नोंदलं जातं आणि शेजाऱ्याचं बघून नंतर बदलता येत नाही. दगड, लाकडाची ढलपी, स्टीलचा चमचा, मग स्टीलची वाटी. आधी वाटी उपडी, मग सुलटी. बटाटा, लिंबू, मग तेच लिंबू सोलून.

बहुतेक मुलांचा पहिला नियम असतो की जड ते बुडतं. तो दोन-तीन दिवस टिकू द्यावा. मग कलिंगड आणावं. ते उचलताना दोघांना धाप लागते, खडे झरझर 'बुडेल'च्या गोलात जमतात आणि कलिंगड पाण्यावर डुलत राहतं. त्याच्या शेजारी वाळूचे दोन कण सोडले की ते थेट तळाला जातात. यावर मुलं काहीही म्हणतात. ते गोल आहे म्हणून, त्याच्या पोटात पाणी आहे म्हणून, ते हिरवं आहे म्हणून. हिरवं असेल तर हिरवी मिरची टाकून बघू, असं म्हणायला कुणीतरी हवं, आणि बरेचदा ते कुणीतरी मुलांमधूनच निघतं.

नंतर कलिंगड कापून खायचं. बिया थुंकून एका वाटीत जमा करायच्या आणि धुऊन त्याच टबात टाकायच्या. भरलेल्या बिया तळाला बसतात, पोकळ वर राहतात. पेरणीआधी बी पाण्यात टाकून तरंगणारं फेकून देणाऱ्या शेतकऱ्याची ही जुनी चाचणी. टबाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी हे झालेलं असतं. ते मूल सांगतं, आमचे आबा असंच करतात. मग वरच्या आणि खालच्या बिया दोन वेगळ्या डब्यांत पेरायच्या, डब्यांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधायचे आणि उगवायला किती दिवस लागतात यासाठी भिंतीवर रोज एक रेघ मारायची.